यादीतलं शेवटचं नाव

डॉक्टर असाहेल प्रूइट यांनी बार्नबसची बाही कोपरापर्यंत दुमडली आणि नस्तर फडक्याला पुसलं.

टेबलावर दोन बाटल्या होत्या. एकीत देवीच्या फोडाच्या पुवात भिजवलेला धागा. तो ज्या मुलीचा होता, तिला तेरा फोड आले आणि ती पुन्हा हुंदडू लागली. दुसरीतला धागा देवीने मेलेल्या, मंगळवारी पुरलेल्या सैनिकाचा.

“दहा दिवस मीठ नाही, मांस नाही,” बार्नबस म्हणाला. “देवी परवडल्या बाबा, पण तुझी लापशी नको.”

डॉक्टर हसले नाहीत.

“गिडियनचं अजून मनात धरलंयस?” बार्नबसचा आवाज उतरला. “मी लाल डगलेवाल्या इंग्रज शिपायांना नुसता गोठा दाखवला. वाटलं, घोडे नेतील.”

घोडे नेले. गोठ्यात लपलेला डॉक्टरांचा मुलगा गिडियनही नेला. न्यूयॉर्कच्या बंदरातल्या कैद्यांच्या जहाजावर तो सात आठवडे टिकला.

“हात हलवू नकोस.”

त्यांनी बारीक चीर दिली, सैनिकाचा धागा तीत बसवला, पट्टी गुंडाळली. हलक्या देवी मुद्दाम काढून मोठ्या टाळायची ही टोचणी गावात हातावरून हातावर चाले. एकाला फोड आले की त्याच्यातला पू पुढच्याला. म्हणून तर बार्नबसचं नाव त्यांनी यादीत शेवटी घातलं होतं; त्याच्या हातावरून घ्यायला पुढे कुणी नव्हतं.

खिडकीवर टकटक झाली. बाहेर मर्सी उभी होती, गिडियनची बायको.

“मामंजी, माझा खोकला गेला. आपल्या फौजेत देवी आल्यात, तळ नदीपलीकडेच पडलाय. मी आजपासून लापशी सुरू केली. दहा दिवसांनी मला टोचा.”

“धागा ठेवतो तुझ्यासाठी.”

“शिळा होईल तोवर, तुम्हीच सांगता ना.” तिने बार्नबसकडे पाहिलं नाही. “याच्याच हातावरून घ्या. कुणाचा का असेना.”

ती गेली. डॉक्टरांनी खिडकी लावून घेतली. मग त्यांनी पट्टी सोडली, चिमट्याने धागा काढून विस्तवात टाकला, चीर धुतली, पुन्हा धुतली आणि त्या मुलीच्या धाग्याची बाटली उघडली.

“काय रे, चुकलं का काही?”

“धागा सरकला होता.”

सातव्या दिवशी ताप चढला. डॉक्टर घरी गेले नाहीत. ओली फडकी बदलत, चमच्याने पाणी पाजत खाटेशी बसून राहिले. नवव्या दिवशी, मर्सीला टोचायच्या आदल्या दिवशी, त्यांनी बार्नबसचा सदरा वर केला आणि बोट टेकवत फोड मोजू लागले.

“माझी इतकी काळजी, असाहेल?” बार्नबसचे डोळे भरून आले. “फार मोठ्या मनाचा आहेस तू.”

“गप्प पड,” डॉक्टर म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.