ब्याण्णव टक्के

संतराम मुळात वाईट माणूस नव्हता. फक्त कुणाचं खरं मानायचं त्याच्या जिवावर यायचं. दूधवाल्याचं माप, सेनगावच्या जीपवाल्याची वेळ, बायकोचं डोकं दुखणं, सगळ्यांवर त्याचा शक. असा माणूस गावच्या पाणीपुरवठा समितीचा अध्यक्ष झाला आणि त्याच्याच हौसेनं टाकीवर रडारचं यंत्र बसलं. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला.

यंत्र होतं वाटीएवढं. हिंगोलीहून आलेल्या इंजिनिअरनं ते टाकीच्या झाकणाला खाली तोंड करून बसवलं आणि समजावून सांगितलं, की यातून डोळ्यांना न दिसणाऱ्या, लांबीला काही मिलिमीटरच भरतील अशा लहरी खाली सुटतात, पाण्यावर आपटून माघारी येतात. जाऊन यायला किती वेळ लागला, त्यावरून पाणी कुठवर आहे ते यंत्राला कळतं. पाण्याला हात लावायला नको की काठी बुडवायला नको. आकडा थेट मोबाइलवर. संतरामला हे फार आवडलं. मधे माणूसच नाही, म्हणजे खोटं बोलायला कुणी नाही. त्यानं त्याच दिवशी मोटारीच्या पेटीला कुलूप ठोकलं, किल्ली करदोड्याला बांधली आणि रत्नपालला बजावलं, "आता चाळीस टक्क्याच्या खाली आल्याबिगर मोटार लावायची न्हाई."

रत्नपाल गावाचा पाणीवाला. बुद्धविहारामागच्या गल्लीत राहायचा. एकोणीस वर्षं मोटार त्यानंच लावली, व्हॉल्व्ह त्यानंच फिरवला. टाकीतून उतरणाऱ्या पाइपावर दगडानं ठोकायचा आणि कान लावून सांगायचा, अर्धी आहे की पाऊण. तो आणि संतराम गोरेगावच्या शाळेत एका बाकावर बसलेले. पण संतराम अध्यक्ष झाल्यापासून रत्नपाल त्याला 'भाऊ, तुमी' म्हणू लागला होता, आणि संतरामला त्याचाही संशय यायचा.

चौथ्या दिवशी सकाळी नळ कोरडे पडले. बाया रिकाम्या घागरी घेऊन टाकीखाली जमल्या. संतरामनं मोबाइल काढला. ब्याण्णव टक्के. काल ब्याण्णव, परवा ब्याण्णव, आजही ब्याण्णव.

"टाकी गच्च भरलेली हाय आन् नळाला पाणी न्हाई? काहून रे?"

"रिकामी हाय, भाऊ." रत्नपालनं पाइपावर दगड मारला. टण्ण आवाज आला. "ऐका तुमीच."

"मशीनपेक्षा तुजा कान शहाणा व्हय?"

"मग एकडाव वर चढून बघा."

संतराम चढला नाही. त्याला चोर सापडला होता. यंत्र आल्यावर रत्नपालचं महत्त्व गेलं, म्हणून तो पाणी अडवून यंत्राला बदनाम करून राहिला, असा सरळ हिशेब त्यानं मांडला. व्हॉल्व्ह उघडतच नाही, म्हणून तर आकडा हलत नाही! पहिले तीन दिवस नळाला पाणी आलं होतं आणि आकडा तेव्हाही हलला नव्हता, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. संशय भलतीकडे निघाला की डोळे मुकाट त्याच्या मागं जातात.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो कडब्याच्या गंजीआड दबा धरून बसला. रत्नपाल आला. त्यानं व्हॉल्व्ह फिरवला. संतरामनं फेरे मोजले, पुरते चौदा. म्हणजे नाटकही पुरतं करतो! मग रत्नपाल ओट्यावर बसून बराच वेळ टाकीकडे मान वर करून बघत राहिला. संतरामला राहवलं नाही. तो गंजीआडून बाहेर आला.

"वर काय बघून राहिला? काय लपवलंय?"

"मी काय लपवणार? तुमी चढून बघा की."

"तूच चढ."

"मी न्हाई चढत," रत्नपाल म्हणाला.

झालं. संतरामला आणखी काय पाहिजे होतं? "उद्याच्या बैठकीत तुला कामावरून काढतो," तो म्हणाला. रत्नपालचा चेहरा पडला. त्याची पोरगी सृष्टी हिंगोलीला नर्सिंग शिकत होती आणि घर त्याच्या याच पगारावर चालत होतं, हे संतरामला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्याला त्या घटकेला बरंच वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

घरी मंजुळाबाई, त्याची बायको, मळ्यातल्या विहिरीवरून तिसरी खेप आणून दारात टेकली होती. तिनं सगळं ऐकलं आणि घागर आदळली. "आवो, शकच घ्यायचा तर पुरता घ्या. वर चढून बघा, न्हाईतर त्याच्या पोटावर पाय देऊ नका."

तेव्हा कुठं संतराम चढला. खाली अर्धं गाव जमलं, रत्नपालही आला. गुडघे कुरकुरले, शिडी हलली, पण चढला. झाकण उचलून आत डोकावला. तळाला गाळ, आणि वीतभर पाणी.

आणि झाकणाच्या तोंडाशीच, यंत्र बसतं त्याच्या बराबर खाली, आतल्या शिडीच्या कांबीला हातभर दोरीनं लाल फडक्यातला नारळ लोंबत होता.

नारळ संतरामचाच. यंत्र बसलं त्या दिवशी इंजिनिअर गेल्यावर त्यानंच हौसेनं बांधला होता. नवं यंत्र, देवाचं नाव नको का? बाहेर बांधला तर वानरं ठेवत नाहीत, म्हणून आत. लहर सुटत होती, नारळावर आपटून माघारी येत होती. पाच दिवस यंत्र बिचारं इमानानं नारळच मोजत होतं. संतरामनं दोरी सोडून झाकण लावलं. थोड्या वेळानं मोबाइलवर आकडा आला, तीन टक्के.

तो खाली उतरला तेव्हा त्याच्या हातातला नारळ सगळ्यांनी पाहिला. मंजुळाबाईनं तोंडाला पदर लावला. संतरामच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, तरी तो रत्नपालकडेच वळला.

"तुला ठाव होतं?"

"व्हय. दुसऱ्याच दिवशी. पाण्यात जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायला चढलो तवा दिसला. खाली आल्यावर तुमच्या मोबाइलातला आकडा ऐकला आन् समजलो."

"आन् गाव तहानलं तरी सोडला न्हाईस? एक दोरी सोडायला काय तकलीफ होती तुला?"

रत्नपाल चिडला नाही. चिडला असता तर संतरामला सोपं गेलं असतं.

"म्हणून तर तुमालाच चढून बघा म्हणत होतो. देवाच्या नावानं बांधलेला तुमचा नारळ, भाऊ. तो मी सोडला असता, तर गावानं पाण्याचं नाव तरी काढलं असतं का? रत्नपालनं नारळाला हात काहून लावला, एवढंच विचारलं असतं."

ते विचारणारा पहिला माणूस कोण असता, हे टाकीखाली उभ्या असलेल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि संतरामला तर सगळ्यांत जास्त.