पुराव्यातला जेवणाचा डबा

मित्रांनो, माझ्या झाकणावर कोरलेले नाव माझ्या धन्याचे नाही. गोष्ट एवढीशीच, पण तिच्यापायी मी आठ महिने परक्या देशात मोहोरबंद पिशवीत पडून होतो. आता थकलो आहे, तरीही तुम्हाला ती सांगावीशी वाटते.

मी तीन कप्प्यांचा जुना स्टीलचा डबा. एरंडोलच्या एका भांड्यांच्या दुकानात माझ्यावर ठकठक करत अक्षरे उमटवली गेली, 'पंडित लोटन महाजन, एरंडोल'. पुढे 'सप्रेम भेट' लिहायला जागाच उरली नाही. पंडित आबा चित्रकलेचे शिक्षक. शेजारच्या कमलच्या लग्नात त्यांनी मला आहेर म्हणून दिले. आपल्याकडे भांड्यावर देणाऱ्याचे नाव असते, वापरणाऱ्याचे नसते, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

कमलबाईंबरोबर मी भडगावला आलो. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत घेऊन मी वर्षानुवर्षे शेतात गेलो. पुढे त्यांचा मुलगा भूषण वीजतंत्री झाला आणि नोकरीसाठी परदेशी निघाला, तेव्हा मला त्याच्या पिशवीत घालताना त्या म्हणाल्या, "डबा हरावजो नको." त्या दिवसांत माझा तोरा काही और होता. भडगावातले दुसरे कोणते भांडे विमानात बसले होते?

दुसऱ्याच वर्षी तिथल्या रेल्वे स्थानकात बॉम्बस्फोट झाला. अकरा माणसे गेली. भूषण जीव घेऊन पळाला, त्याची पिशवी मात्र फलाटावरच राहिली. आईचा डबा कसा सोडायचा, म्हणून दुसऱ्या दिवशी तो आपणहून पोलिसांकडे गेला आणि "हा माझा," असे त्याने सांगितले. त्यांनी दुभाष्याकडून माझे झाकण वाचून घेतले. डबा याचा, तर नाव दुसऱ्याचे कसे? हा पंडित महाजन कोण, आणि तो कुठे लपला आहे? भूषण सांगत राहिला. पण भेट देणारा आपलेच नाव कोरतो, यावर तिथे कोणाचा विश्वास बसेना. त्याला कोठडीत टाकले आणि मला पुराव्यात ठेवले.

इकडे काय घडले, ते मला नंतर स्वयंपाकघरातल्या बोलण्यातून कळले. तिथल्या पोलीस खात्याचे पत्र वकिलातीत गेले, तिथून दिल्लीला, दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून जिल्ह्याला. प्रत्येक ठिकाणी त्याला आणखी एक पत्र जोडले गेले. तीन महिन्यांनी एक शिपाई एरंडोलला पंडित आबांच्या दारात उभा राहिला आणि त्याने बॉम्बस्फोटाचे नाव काढले. आबा दार अर्धे लोटत म्हणाले, "असा डबा मी कोणाला दिलेला नाही." त्या एका ओळीचा अहवाल पुन्हा त्याच वाटेने परत निघाला. भूषण खोटे बोलतो, हे आता कागदावर सिद्ध झाले होते. भडगावला कमलबाई मात्र मुलाची विचारपूस करायला दर आठवड्याला जळगावच्या जिल्हा कचेरीत जाऊन बाकावर बसत आणि संध्याकाळी परत येत.

आणखी काही महिन्यांनी दोन्ही देशांनी एक चांगला निर्णय घेतला. दहशतवादाच्या तपासात दोन्हीकडे एकेक अधिकारी नेमायचा आणि त्यांनी पडद्यावर थेट बोलायचे, मधली पत्रे बंद. आपल्या बाजूने हे काम नूतन मॅडमकडे आले. त्या जुना अहवाल वाचत बसल्या नाहीत, थेट भडगावला गेल्या.

कमलबाईंनी त्यांना फुलपात्रात पाणी दिले. पाणी पिता पिता मॅडमनी फुलपात्रावरचे नाव वाचले. मग मांडणीवरचे एकेक भांडे उतरवून त्या नावे वाचू लागल्या.

"अक्का, ही सगळी कोणाची नावं?"

"ज्यानी दिधं, त्यानं नाव. हाई ताट मनी नणंदनं, हाऊ हंडा व्याहीसना. तुना घर काय बिननावना भांडा शेतस का, बाई?"

मॅडमना आपले स्वयंपाकघर आठवले. त्यांच्या घरी रोजच्या पातेल्यावर त्यांच्या मामाचे नाव होते. त्यांनी फोन लावला आणि पलीकडच्या अधिकाऱ्याला मांडणी दाखवली. त्याने दुभाष्यामार्फत विचारले, "एका घरात इतक्या लोकांच्या वस्तू कशा?"

"चोरीना नहीत म्हना त्याले!" कमलबाई कडाडल्या.

तो हसला, पण म्हणाला, "महाजन यांचा जबाब मात्र हवा."

मॅडम पंडित आबांना घेऊन आल्या. माझे छायाचित्र पाहून आबा खाली बसले. "कमल, तुना लगीनमा मीच दिधा व्हता. पोलीस दारशी उना नि मी घाबरी गऊ."

"आबा, तुम्ही घाबरनात," कमलबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मना पोऱ्या आठ महिना कोंडेल शे."

आबांनी रडत रडत सही केली. नवव्या दिवशी भूषण सुटला आणि त्याच्याबरोबर मीही. निरोप देताना तो अधिकारी म्हणाला, "आम्ही एका डब्याकडे पाहत बसलो. ज्यांनी स्फोट केला, त्यांना तेवढा वेळ मिळाला."

मित्रांनो, आता भूषण जळगावच्या एका कारखान्यात काम करतो. फाटकाजवळ पोहोचला की पहारेकऱ्याने काही विचारण्याआधीच तो मला पिशवीतून काढतो, तिन्ही कप्पे उघडून दाखवतो आणि मान खाली घालून उभा राहतो. पहारेकरी रोज म्हणतो, "जा ना भाऊ, तुला कोण अडवतंय?" तरी तो उभाच असतो. भाकरी निवून जाते.

मोठे झाल्यावर तुमच्यापैकी कोणी तपास करणाऱ्या अधिकाऱ्याच्या खुर्चीवर बसेल. संशय आला तर जरूर विचारा, न भिता विचारा. अकरा माणसांचे जीव गेले होते, हे विसरू नका. पण ज्याला खरे ठाऊक आहे, त्यालाच आणि लवकर विचारा. आणि उत्तर मिळाले की तुमच्या हाताने त्या माणसाच्या डब्याला झाकण लावून द्या.