काळ्या पुठ्ठ्यांच्या वह्या

दादाच्या बाइंडिंगच्या दुकानात दोन वस्तूंना कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता. एक त्याचं दाभण आणि दुसरं भिंतीतलं कपाट. कपाटात काळ्या कापडी पुठ्ठ्यांच्या अकरा वह्या होत्या, आणि दादाची सगळी करामत त्या वह्यांमध्ये लिहून ठेवलेली आहे, अशी सगळ्यांची समजूत होती.

कारण दर रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून दादा खेळ मांडायचा. खेळ सोपा. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, कुणी तलवारबाज, कुणी जादूगारीण. कुठे अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर निभावलं, लहान पडला तर भोगा. खळीचे डबे बाजूला सारले की कागद कापायच्या टेबलावर गुहा आणि किल्ले उभे राहायचे. दादा समोर पुठ्ठ्याचा आडोसा धरून त्यामागे काळी वही उघडायचा आणि मग पाच तास कुणाला तहानभूक आठवायची नाही. बाजारात अशा गोष्टींची तयार पुस्तकं मिळतात, राक्षसांच्या आणि शापित गावांच्या पुरवण्याही मिळतात. प्लंबरनं एकदा हौसेनं तसं एक पुस्तक आणलं, तर दादानं नाक मुरडलं. "दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिणारे आपण नव्हे," म्हणाला. दादा गर्विष्ठ होता, हे त्याच्या बहिणीला, धाकटीला, चांगलं ठाऊक होतं. पण त्याचा गर्व तिला आवडायचा.

आठ महिन्यांपूर्वी दादाला झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. पाच तास अखंड बोलणाऱ्या माणसाकडे दोनच शब्द उरले, 'हो' आणि 'नको', त्यातही 'हो' क्वचितच. बोलणं शिकवायला येणारी डॉक्टर म्हणाली, "त्यांना माणसांत बसवा. असेच खोलीत पडून राहिले तर आहेत ते शब्दही जातील." पण दादा भिंतीकडे तोंड करून पडून राही. कुणी भेटायला आलं की 'नको'.

तो उठलाच तर खेळासाठी उठेल, असं धाकटीनं ताडलं. म्हणजे खेळ तिला मांडावा लागणार. आता धाकटी शिवणीत पटाईत. तिनं शिवलेल्या ग्रंथाचं पान कधी सुटलं नाही. पण गोष्ट रचायला बसली, तर तीन आठवड्यांत एक दार आणि त्यामागे आणखी एक दार, याच्या पुढे गाडी सरकेना. शेवटी तिनं गुपचूप एक तयार पुस्तक आणलं. लिहिणाऱ्यानं काही म्हणून कमी ठेवलं नव्हतं. नदी, धक्का, नावाडी, वादळ, कुणी काय विचारलं तर काय उत्तर द्यायचं, सगळं होतं. चौकटीतला मजकूर मोठ्यानं वाचायचा, चौकटीबाहेरचा फक्त खेळवणाऱ्यासाठी. वाचता वाचता त्या अनोळखी माणसाचे तिनं मनातल्या मनात दहा वेळा आभार मानले. आणि दादाला काय वाटेल, या विचारानं तिला लाजही वाटली.

रविवारी दादा खरंच आला. वहिनीनं हाताला धरून आणलं आणि तो वीस वर्षांत पहिल्यांदा आडोशाच्या अलीकडे, खेळाडूंच्या बाजूला बसला. प्लंबर आला, शाळेतल्या बाई आल्या. दोघंही सुरुवातीपासूनचे गडी.

धाकटीनं आडोशामागे पुस्तक उघडलं. घसा साफ करून तिनं वाचायला सुरुवात केली, "दिवस कलला आहे. धक्क्याला एकच नाव लागली आहे. म्हातारा नावाडी तुमच्याकडे बघून हसतो. हा नावाडीच चोरांचा म्होरक्या असून नदीच्या मध्यावर तो नाव उलटवतो. ही गोष्ट खेळाडूंना मुळीच कळू देऊ नये."

चौकट केव्हाच संपली होती, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा शेवटचं वाक्यसुद्धा वाचून झालं होतं.

प्लंबरनं ओठ घट्ट मिटले, तरी हसू नाकातून फुटलं. बाई घाईघाईनं चष्मा पुसू लागल्या.

"आम्ही काहीच ऐकलं नाही गं," बाई म्हणाल्या.

"इतकी वर्षं पाइप ठोकतोय, ताई," प्लंबर म्हणाला. "मला तसंही कमीच ऐकू येतं."

त्यांनी टोमणा मारला असता तर परवडलं असतं. धाकटीनं पुस्तक मिटलं. "नाही जमायचं मला. दादानं कधी पुस्तकातून वाचलं? त्याचं सगळं डोक्यातून यायचं. मी आपली विकतचं वाचतेय, आणि तेही धड नाही. चहा घ्या आणि जा घरी." तिचे डोळे भरून आले. ती पुन्हा खेळ मांडायची नाही, हे सगळ्यांना कळलं. आणि मग दादा पुन्हा खोलीबाहेर यायचा नाही, हेही.

दादानं डाव्या मुठीनं टेबल ठोकलं. "नको!" मग त्यानं कपाटाकडे बोट केलं आणि वहिनीकडे पाहिलं.

"अहो, खरंच?" वहिनी म्हणाली. "झाकली मूठ आहे, राहू द्या की."

"हो," दादा म्हणाला.

वहिनीनं किल्ली काढली, कपाट उघडलं आणि पहिली काळी वही धाकटीच्या हातात ठेवली. धाकटीनं ती उघडली. आत छापील पान होतं. लिहिणाऱ्याचं नाव, आणि खाली, 'तयार खेळ, चार ते सहा जणांसाठी'. दुसरी वही, छापील. तिसरी राक्षसांची पुरवणी. अकराच्या अकरा तशाच.

"म्हणजे तो आंधळा राजा, ती बुडालेली घंटा..." प्लंबर एकेक वही उलटत म्हणाला.

"सगळं विकतचं," वहिनी म्हणाली. "रंगीत मुखपृष्ठं काढून हे नव्यानं शिवायचे आणि काळ्या कापडाला खळ मी लावायची."

धाकटी बाइंडर असून फसली होती. हातानं लिहिलेल्या वहीची पानं फुगतात. या वह्या इतक्या सपाट होत्या की कण्याकडे एकदा नीट पाहिलं असतं तरी पुरे होतं. दादाचे कान लाल झाले होते आणि अर्धं तोंड हसत होतं. वीस वर्षांचं नाव त्यानं चारचौघांत उघडं पाडलं होतं, तिनं पुस्तक मिटू नये म्हणून.

समास मात्र छापील नव्हते. तिथे दादाची बारीक पेन्सिल होती. 'हे कुलूप प्लंबरला उघडू दे, बिचारा आठवडाभर कटकटीत आहे.' 'बाईंचा घसा बसलाय, आज जादूगारिणीला मौन.' 'राक्षस तीन नकोत, एक पुरे, सगळे दमलेत.' प्लंबर स्वतःबद्दलची ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिला.

धाकटीला गुहेचं पान सापडलं. ती चौदा वर्षांची होती तेव्हाचा खेळ, आई गेली त्या वर्षीचा. गुहेत वारा सुटला आणि एकेकाची मशाल विझत गेली. फक्त तिची शेवटपर्यंत जळत राहिली. वाऱ्याचा फासा आडोशामागे दादा टाकायचा. आपलं नशीब बरं आहे, हे त्या दिवशी तिच्या मनानं जे घेतलं, ते कायमचं. त्या पानाच्या समासात लिहिलं होतं, 'फासा काहीही पडो, धाकटीची मशाल विझवायची नाही.'

तिला फार मोठं काहीतरी मिळालं होतं, आणि ते वीस वर्षांपूर्वीच मिळालं होतं. मग तिनं नाक पुसलं, कपाट उघडंच ठेवलं आणि आपलं पुस्तक पुन्हा उघडलं.

"नाव धक्क्याला लागलीय. चढताय का?"

"किती सज्जन दिसतो हो हा नावाडी!" प्लंबर म्हणाला.

"देवमाणूस," बाई म्हणाल्या. "चला, मध्यावर बसू."

आणि डोळ्यांदेखत सापळ्यात शिरून नदीत उलटे होताना ते असे किंचाळले की शटराखालून कुणीतरी डोकावून गेलं. या लोकांचं ऋण कसं फेडायचं, असं धाकटीला वाटलं. खेळात नावेतला कंदील दादाच्या हातात होता. नाव उलटली, वारा सुटला. धाकटीनं आडोशामागे फासा टाकला. तीन पडले.

"कंदील विझला नाही," ती म्हणाली. "दादा, तुझ्या हातात तो पेटलेलाच आहे."

दादानं आडोशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. वहिनी कप हातात धरून तशीच उभी राहिली.

"खो..." दादा म्हणाला. "खोटं!"

आठ महिन्यांतला तो पहिला नवा शब्द होता.

"पुस्तकात तसंच लिहिलंय," धाकटी म्हणाली, आणि कानामागची पेन्सिल काढून तिनं ते समासात लिहिलं.