बिनखिळ्याची फळी

बुधवारी दुपारच्या भरतीला देओस्दादोच्या होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, सियोनिंगच्या होडीत घुसली, तेव्हा वारा एवढासा होता की त्यानं केळीचं पानसुद्धा फाटलं नसतं.

होडी नांगरावर उभी. सियोनिंग आत बसून जाळ्यातली मासळी सोडवत होती. दण्णकन आवाज झाला, बाजूची फळी उसासारखी पिचली आणि पाणी मांडीला लागलं.

"आरं, डोळं हैत का बटणं?" ती कडाडली.

"वाऱ्यानं ढकललं वहिनी, म्या काय करू?" देओस्दादो आपल्या होडीतून म्हणाला. येशूच्या यातनांची गाथा गाणारा गावातला पहिला गळा त्याचा. बोलला तरी साखर सांडायची. "देवाच्या मनात आसंल तसं व्हतंय. आता ठोका की खिळं. शुक्रवारी ठोका!"

आणि हसला. त्या हसण्यातच सगळं आलं.

येशूला क्रुसावर खिळलं तो हा आठवडा. गुरुवारपासून रविवारच्या पहाटेपर्यंत गावात हातोडा उचलायचा नाही. त्या दिवसांत ठोकलेला खिळा लाकडात जात नाही, देवाच्या तळहातात जातो. आणि रविवारी पहाटे पुनरुत्थानाची मिरवणूक संपली, की शिडाच्या होड्या शर्यतीला सुटायच्या. पांढऱ्या खडकाला जो आधी हात लावील, त्यानं खाडीच्या तोंडाशी वर्षभर बांबूचा कूड घालून मासळी धरायची. गावात सगळ्यांनी इंजिनं घेतलेली. शिडाच्या होड्या उरल्या होत्या दोनच, सियोनिंगची आणि देओस्दादोची. तीन वर्षं खाडीचं तोंड सियोनिंगच्या घराकडं होतं. घरातला भात त्यावरच शिजत होता.

तिचा नवरा ताक्यो म्हणजे गरीब गाय. त्यानं फुटलेल्या फळीवरून हात फिरवला नि सुस्कारा सोडला.

"जाऊ दे गं. देव बघंल."

"देव बघंलच. पर फळी मलाच बघाया पायजे." तिनं पदरातलं पाणी पिळावं तसा लुगड्याचा काठ पिळला. "आन् नुसती माझी होडी सुटून भागायचं न्हाई, ताक्यो. त्याची बुडाली पायजे."

तिचा बाप खिळे न वापरता होड्या शिवायचा. खिळे स्वस्त झाले तशी ती विद्या अडगळीत गेली. पण लहानपणी दोर धरून धरून तिच्या बोटांना ती पाठ होती. तरी पापाचा धाक होताच. म्हणून ती बियांग आजीकडं गेली. प्रार्थनेच्या बाबतीत गावात शेवटचा शब्द आजीचा.

"आज्जे, खिळा न्हाई, हातोडा न्हाई. गिरमिटानं भोकं पाडायची आन् दोरानं फळी शिवायची. चालंल का?"

म्हातारीनं तोंडातली तंबाखू या गालातून त्या गालात नेली. "गिरमिट ठोकतंय का फिरतंय?"

"फिरतंय."

"क्रुसापाशी सैनिक व्हते, लोहाराचं खिळं व्हते. शिंपी व्हता म्हून म्या काय आजवर ऐकलं न्हाई. शीव जा."

गुरुवारी संध्याकाळी ताक्यो धापा टाकत आला. "दादोची होडी जागंवर न्हाई! टेकाडापल्याड कांदळवनात नेऊन लपवलीया. आपल्यावर घातली तवा त्याच्याबी नाळंचा सांधा उसवलाय. आत वीतभर पाणी. आन् केळीच्या पानाखाली टोपलीत काय आसंल?"

"हातोडा," सियोनिंग म्हणाली.

तिला लख्ख उमगलं. शुक्रवारी सगळं गाव गाथेच्या मांडवात. कर्ण्यावर गाथा चालू, कान फाटायची पाळी. त्या गजरात टेकाडापल्याडची ठकठक कुणाला ऐकू येणार? बाहेर भक्ती, आत कपट. ढोंग्याच्या हातात माळ नि काखेत सुरी, ती ही अशी.

पण गाथेचा एक नेम होता. गुरुवारी दुपारी सुरू झालेलं गाणं शुक्रवारी तीनपर्यंत तुटू द्यायचं नाही. ज्याच्यापुढं पोथी, त्यानं दुसऱ्यानं चाल उचलल्याशिवाय उठायचं नाही.

शुक्रवारी सकाळी ती आल्याच्या काढ्याची किटली घेऊन मांडवात गेली. आठजण गात होते. एकेकाच्या कानाशी वाकून ती म्हणाली, "काढा घ्या, आन् जरा किनाऱ्याला या. दोर ओढाया हात पायजेत."

बुधवारचा तो वारा सगळ्यांनीच पाहिला होता. आधी फेलिसा उठली. मग तिचा दीर. मग जुळ्या बहिणी. दहा वाजले तेव्हा पोथीपुढं एकटा देओस्दादो. गाता गाताच त्यानं मान वळवली, बाकडी रिकामी. सियोनिंगला त्यानं हातानं खुणावलं, ये, बस. तिनं त्याच्यापुढं काढ्याचा पेला ठेवला.

"घसा वला ठेवा, भावजी. देवाचं काम हाय."

आणि ती निघून आली.

किनाऱ्यावर होडी उलांडीवर, तोल राखायला बाजूला बांधलेल्या बांबूवर, कलवून ठेवलेली. तांदळाच्या पेटीचं झाकण सोडवून, तासून तिनं ठिगळ केलं. गिरमिट फिरू लागलं. फळीच्या काठाशी भोकं, झाकणाच्या काठाशी भोकं, मध्ये ओल्या काथ्याचा जाड थर. भोकाभोकातून दोर ओवायचा, होडीला पाय लावून दोघांनी तो मागं ओढायचा, आणि सुटू नये म्हणून अंगठ्यानं लाकडी खुंटी दाबून बसवायची. वरून खोबरेलात वितळवलेली राळ.

"वढा!" सियोनिंग म्हणे, आणि वर कर्ण्यातून देओस्दादो एक कडवं ओढी.

"आजून गातोय गं," फेलिसा म्हणाली.

"गाऊ दे. जवर गातोय तवर ठोकत न्हाई."

कोंबडा आरवला त्या कडव्याशी त्याचा आवाज आधी चिरकला. न्यायाधीशानं हात धुतले तिथं खरखरला. क्रूस डोंगर चढू लागला, तेव्हा कर्ण्यात नुसती घरघर उरली. गाथेच्या त्या जागी सियोनिंगचे डोळे दरवर्षी भरत. यंदाही भरले. तळहात दोरानं कापून लाल झाले होते, समोर तिच्या देवाचं दुःख होतं. पण पाणी कशानं आलं हे तिनं देवाला सांगितलं नाही. डोळे पुसले नि दुसरी गाठ मारली.

तीन वाजता कर्णा थांबला. आता एक ठोका पडला तरी गावभर ऐकू गेला असता. ओहोटी लागली होती, सगळं गाव कालवं वेचायला किनाऱ्यावर पसरलेलं. शनिवारीही तेच. कांदळवनाकडं जाणाऱ्या वाटेवर बियांग आजी बाजलं टाकून बसली होती, कुणी सांगितलं नव्हतं तरी. देओस्दादो तिथवर आला, तिला नमस्कार करून परत गेला.

रविवारी मिरवणूक संपली आणि शिडं फुगली. वजन नको म्हणून देओस्दादो एकटाच निघालेला, सांध्यात चिंध्या कोंबून. अर्ध्या वाटेपर्यंत तो पुढं होता. मग त्याची नाळ जड झाली, शिडाचं टोक खाली झुकलं, आणि होडी खडकाळ उथळात पाण्यानं भरून बसली. तो छातीभर पाण्यात डोलकाठीला धरून उभा राहिला. भरती चढत होती. त्यानं तोंड उघडलं. आवाज आला नाही. दोन हात वर केले, तर लाट आली नि पुन्हा काठीला मिठी मारावी लागली.

सियोनिंगची होडी बांबूभर अंतरावरून गेली. ठिगळातून घाम यावा एवढंच पाणी पाझरत होतं.

"वळवू का?" ताक्योनं विचारलं. त्याचा चेहरा पडला होता.

"आधी खडक."

तिनं खडकाला हात लावला. मग खाडीच्या तोंडाशी गेली, होडीतून आणलेला पहिला बांबू गाळात रोवला, हलवून पाहिला, बाहेर काढला आणि चार हात पुढं सरकवून पुन्हा रोवला. ताक्यो सारखा मागं बघत होता. "सियोनिंग, पाणी त्याच्या गळ्याला लागलंय गं!"

"लागू दे. तिथंच दुखतंय त्याला." तिनं दुसऱ्या बांबूला हात घातला, थांबली, आणि मग म्हणाली, "वळव."

तिनं दोर फेकला. दोघांनी मिळून त्याला उलांडीवर ओढून घेतलं. तो खोकला, खारं पाणी ओकला, आणि ओठ हलवत कसाबसा घरघरला, "वहिनी, देव बघतोय."

"बघू दे की," सियोनिंग म्हणाली. "म्या काय कांदळवनात लपून केलंय?"