नरहरीच्या गालावरची शिवण

१९६५ साल होते. माघी पौर्णिमा तोंडावर आली होती आणि मुरबे या कोळी गावाच्या किनाऱ्यावर एक नवी कोरी बोट वाळूत उभी होती. तिला पाण्यात लोटायला गावातला एकही माणूस हात लावायला तयार नव्हता. असे का झाले आणि त्याचा शेवट कसा झाला, हे मला नीट ठाऊक आहे. कारण गावाच्या रागाचा पहिला फटका बसला तो मला.

मित्रांनो, मी एक जुने शीड आहे. माझा जन्म कारखान्यात झाला नाही, वाळूवर झाला. दामू तांडेलाने जाड मांजरपाटाचे पट्टे आणले, ते पुळणीवर अंथरले आणि मेण लावलेल्या दोऱ्याने एकाला एक जोडले. शेजारी त्याचा मुलगा नरहरी मांडी घालून बसे. त्याचे टाके बापापेक्षा बारीक पडत. बाप म्हणे, “अरे, शीड शिवतोस का लुगडं?” पण ते टाके कधी उसवले नाहीत.

नरहरी दिसायला मात्र भीतीदायक होता. भुवया जाड, जबडा रुंद, आवाज डबक्यातल्या बेडकासारखा खर्जातला. अंगापिंडाने इतका थोराड की खलाशी त्याला बाजूला सरक म्हणतानाही विचार करत. प्रत्यक्षात तो खेकड्याला घाबरायचा. जाळ्यातून एक खेकडा सुटला की तो डोलकाठीला मिठी मारायचा आणि सगळी होडी हसायची. मी वर फडफडत असे आणि मला सगळे दिसत असे.

पालघरच्या शाळेत नाटक बसले, तेव्हा मास्तरांनी त्याला राक्षस केले. तो नुसता उभा राहिला आणि पहिल्या रांगेतली चार मुले रडायला लागली. तिथेच त्याचे नशीब ठरले. पुढे तो मुंबईला गेला आणि सिनेमात शिरला. आधी सावकाराच्या मागे काठी घेऊन उभा राहणारा, मग दारू पिऊन दुकाने उलथणारा, मग बायाबापड्यांना दरडावणारा मुकादम. नायकाचा मार खाण्याआधी सगळ्या गावाला छळणारा गुंड हवा असला की नरहरीला बोलावणे येई. तो घरी आला की बापाला सांगे, “बाबा, मी कुणाला लागू देत नाय. चापटीचा आवाज माझ्याच मांडीवर काढतो.” जमना, त्याची आई, त्याची मांडी चेपून बघे आणि म्हणे, “मंग ही सुजली कशी?”

दामूची जुनी होडी कुजली आणि माझे काम संपले. इंजिनाच्या बोटी येऊ लागल्या होत्या. मला वाटले, आता चिंध्या होणार. पण बोईसरचे वामनराव तंबूतला सिनेमा चालवायचे. त्यांना पडदा हवा होता. दामूने मला त्यांच्या हवाली केले. त्यांनी मला धुतले, दोन हात सफेदा लावला आणि चारही कडांना दोर ओवून ताणून बांधले. असे मी वाऱ्याकडून उजेडाकडे आले.

एक गोष्ट तुम्हाला सांगते. माझ्यावर काय दिसते, ते मला कधीच दिसत नसे. मला दिसत समोरचे चेहरे. वाणगावला बुधी नावाची एक म्हातारी पदर तोंडात धरून रडली, तेव्हा मला कळले की कुणीतरी मेले. बोईसरला तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावरचे कामगार दिवसभर सिमेंट उचलून येत, आणि ते उभे राहून शिट्ट्या मारू लागले की मी ओळखी, नरहरी आला! मग भोंग्यातून त्याचा खर्जातला आवाज निघे. आपल्याच घरचा मुलगा माझ्या अंगावर हिंडतो आहे, या समाधानात मी ताठ उभे राही.

त्या माघात वामनरावांनी तंबू मुरब्यात ठोकला. मुद्दाम नरहरीचाच नवा सिनेमा आणला. गावच्या मुलाचे कौतुक गावाला दाखवायचे होते. सगळे गाव लोटले. जमना बायकांमध्ये मधोमध बसली. पुढच्या रांगेत तानी म्हातारी होती. वाळूचा गारवा गुडघ्यांना लागतो म्हणून ती घरून पाट घेऊन आली होती.

सुरुवातीला मजा चालली होती. नरहरीने कुणाला तरी मारले की बायका जमनेला कोपर ढोसत. “काय गो, तुला पण असाच मारतो का?” जमना हसून म्हणे, “मला? मी पोळी लाटायचं लाटणं नुसतं उचललं तरी दाराबाहेर असतो.”

मग अचानक सगळे हसू थांबले. समोरचे चेहरे दगडासारखे झाले. काय झाले ते मला कळेना. तानी उठली. तिने बुडाखालचा पाट दोन्ही हातांनी उचलला, आणि दुसऱ्या क्षणी तो येऊन माझ्यावर आदळला. त्याच्या कोपऱ्याने मी हातभर फाटले.

“टोपलीला लाथ मारली!” तानी ओरडली. “मासळीच्या टोपलीला! कोळणीच्या पोटचा हाय का कोण हाय हा?”

मित्रांनो, त्या गावाने नरहरीचे सगळे माफ केले असते. त्याने घर जाळले असते, नायकाला विहिरीत ढकलले असते, तरी त्यांनी शेंगदाणे खात पाहिले असते. पण मासळीची टोपली म्हणजे त्यांची लक्ष्मी. ती ओलांडूनही कुणी जात नाही. कुणाचा पाय चुकून लागला तर वाकून नमस्कार करतात. आणि सिनेमातला मुकादम एका म्हातारीची भरलेली टोपली लाथेने उडवतो, आणि तो मुकादम त्यांचाच मुलगा होता. सिनेमा म्हणजे खोटे, हे त्यांना माहीत होते. पण पाय नरहरीचाच होता ना?

जमना डोक्यावरून पदर घेऊन उठली आणि बाहेर गेली.

दुसऱ्या दिवसापासून बायका बोंबील सुकवताना तिच्याजवळ बसेनात. आणि दामूची ती नवी बोट वाळूत तशीच उभी राहिली. नरहरीच्या कमाईतून दामूने तिला इंजिन बसवले होते. मुरब्यात नवी बोट पाण्यात जाते तेव्हा सगळे गाव दोराला हात लावते. कुणाला बोलवावे लागत नाही. आणि ती जाते पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या मोठ्या भरतीलाच. आता निरोप आला होता, त्या लाथेच्या पैशाच्या बोटीला आमी हात लावणार नाय.

नरहरी बोटीसाठी म्हणून आला, तो हे ऐकून दारातच थांबला. आई म्हणाली, “आत नंतर ये. आधी त्यांना तोंड दे. मंग माझ्या हातचं जेव.”

तो सरळ तंबूत आला. दिवसा कनाती गुंडाळलेल्या असत, वारा खेळत असे. त्याने मला खाली उतरवले, मांडीवर घेतले आणि बापाच्या सुईने शिवायला बसला. किती वर्षांनी ती बोटे लागली! टाके अजून तसेच, बारीक. बघता बघता बायका भोवती जमल्या. शेवटी तानी आली.

“तानीकाकी, टोपलीत मासळी नव्हती,” नरहरी मान वर न करता म्हणाला. “खाली गवत होतं. वर चार बोंबील ठेवलेले.”

“आणि टोपली?”

“टोपली खरी.”

“मंग लाथ पण खरी.”

नरहरीचा हात थांबला. “सकाळपासून सिनेमावाल्यांनी मला सांगितलं, काकी. माझा पायच उठेना. साहेब ओरडला, घरी जा म्हणाला. शेवटी मारली. मंग सगळे जेवायला गेले तेव्हा मी टोपलीच्या पाया पडलो.”

“ते कुठं दाखवलं त्यात?”

“ते नाय दाखवत काकी.”

तानीने त्याच्या टाक्यांवरून बोट फिरवले. मग म्हणाली, “पाया पडलास ते तुझं तू जाण. लाथ सगळ्यांनी बघितली, तर फेड पण सगळ्यांनी बघायची. उद्या बोईसरच्या बाजाराला माझी टोपली तू न्यायची. कावडीत नाय. डोक्यावर. चुंबळ मी देते.”

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मुरब्याचे पुरुष खांद्यावर कावड घेतात. डोक्यावर टोपली घेतात त्या बायका. शिवाय नरहरीला सिनेमावाल्यांनी बजावले होते की, चारचौघांत हसायचे नाही, लोकांना धाक वाटला पाहिजे, त्या धाकावर तुझे पोट आहे. डोक्यावर बोंबलांची टोपली घेतलेल्या गुंडाला कोण भिणार? त्याने दोरा दाताने तोडला, गाठ बसली की नाही ते अंगठ्याने दाबून पाहिले आणि विचारले, “एस.टी. किती वाजता?”

पुढचे मी पाहिले नाही. संध्याकाळी बायका तंबूत सांगत होत्या ते ऐकले. बोईसरच्या बाजारात नरहरी चुंबळीवर टोपली तोलत चालला होता आणि मासळीचे पाणी त्याच्या नाकावरून ठिबकत होते. पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तो कपाळाला आठ्या घालून बघत होता. लोक दुतर्फा सरकले. त्याने तानीच्या जागेवर टोपली उतरवली आणि तिच्यामागे उभा राहिला. एक कामगार भाव करायला वाकला, वर पाहिले आणि दचकला. “अरे बाप रे, ये तो वही बदमाश है! दे दो भाई, माई जो माँगती है, दे दो!”

तानीची टोपली एवढ्या लवकर कधी रिकामी झाली नव्हती. मग बाकीच्या म्हणू लागल्या, “पोरा, जरा माझ्यामागं पण उभा राहा रे.” तो प्रत्येकीमागे उभा राहिला. जमनेमागे उभा राहिला तेव्हा मात्र त्याला हसू आवरेना. ती म्हणाली, “हसू नको मेल्या, गिऱ्हाईक जाईल!”

पौर्णिमेला दुपारी भरती चढली. मी तंबूत टांगलेले होते आणि समोर सगळा किनारा दिसत होता. दामू एकटाच बोटीचा दोर सोडवत होता. तेवढ्यात तानी आली, पदर खोचला आणि दोर हातात घेऊन ओरडली, “काय बघता? फेड झाली. ओढा!” मग घराघरांतून माणसे निघाली. ओंडक्यांवरून बोट हलली, थांबली, पुन्हा हलली, आणि शेवटच्या हाकेला ती पाण्यात तरंगली. नरहरी छातीभर पाण्यात होता. त्या संध्याकाळी तो आईच्या हातचे जेवला.

माझ्यावरची ती शिवण तशीच राहिली. योगायोग असा की, नरहरीचा चेहरा मोठा दिसे तेव्हा ती बरोबर त्याच्या गालावर येई. वाणगावचे लोक सांगत, त्याच्या गालावर सुऱ्याचा वार आहे. त्यामुळे तो जास्तच भयंकर वाटे.

दामू तांडेलाने ती बोट थकेपर्यंत चालवली. इंजिन बंद पडले की तो माझी आठवण काढायचा. जमना पुढे कित्येक वर्षे बाजारात बसली. तानी शेवटपर्यंत पुढच्या रांगेत पाट टाकून बसायची आणि नवख्या माणसाला सांगायची, “त्याच्यात गवत होतं.” वामनरावांचा तंबू बोईसरला पक्के थिएटर झाल्यावर बंद पडला. मला परत दामूच्या अंगणात पोहोचवायला ते स्वतः आले. नरहरीने पुढे खूप गुंड रंगवले, पण टोपलीला पाय पुन्हा लावला नाही. म्हातारपणी तो मुरब्यालाच आला. सकाळी तो मला वाळूवर अंथरतो आणि जमनेची नातसून माझ्यावर जवळा सुकवते.

मित्रांनो, साऱ्या जगाने नरहरीचा दुष्ट चेहरा माझ्यावर पाहिला. मी एकटेच ते चित्र कधी पाहू शकले नाही. मला फक्त त्याची बोटे माहीत आहेत. तुमच्या घरात असे एखादे जुने कापड असेल, तर फाटल्याबरोबर टाकू नका. एक टाका घालून बघा. तानीने फाडले तिथे मी आजही सगळ्यात घट्ट आहे.