ऐकण्याचं सोंग घेतलेला खोका

मी एक पोकळ खोका बोलतोय. ‘बोलतोय’ म्हणतानाही मान खाली जाते, कारण आजवर मी बोललो ते दुसऱ्याच्या आवाजात आणि ऐकलं ते दुसऱ्याच्या कानांनी. माझं कौतुक कानावर पडून तुम्ही मला बघायला आला असाल, तर कृपा करून आधी हे ऐका.

बोलून कामं सांगता येतील असं यंत्र बनवणाऱ्या एका कंपनीत माझा जन्म झाला. जन्म कसला! एका दुपारी डिझायनरने प्लास्टिकचा पांढरा डबा घेतला, वर निळा दिवा चिकटवला, पोटात स्पीकर कोंबला आणि मागून वायर काढली. झालो मी तयार. मेंदूच्या जागी स्पंजचा तुकडा होता. माइकसुद्धा माझ्यात नव्हता, तो शेजारच्या फुलदाणीत लपवला होता. मग हे सगळं मला कळलं कसं, असं विचारू नका. बिनकानाच्या खोक्यालाही लाज मात्र ऐकू येते.

माझं काम सोंगाचं. खरं यंत्र बनवायला फार वेळ आणि पैसा लागतो, म्हणून माणसं त्याच्याशी कशी बोलतील ते आधी पाहून घेतात. त्यासाठी एक खोली घरासारखी सजवली होती. सोफा, पडदे, कुणीच न वाचलेली पुस्तकं, आणि टीपॉयवर मी. भिंतीपलीकडे आवाजवाली ताई हेडफोन लावून बसायची. समोरच्याने मला काही विचारलं की ती तिकडून सपाट सुरात उत्तर द्यायची, आणि ते माझ्या पोटातून बाहेर यायचं.

“काय हुशार आहे हो!” लोक म्हणायचे. मी आपला दिवा लुकलुकवत फुकटचं श्रेय लाटायचो.

चाचणी संपली की डिझायनर खरं काय ते सांगून टाकायचा. तसा नियमच होता. “पलीकडे आमची ताई होती बरं का!” लोक कपाळावर हात मारायचे, हसायचे आणि चहा पिऊन घरी जायचे.

मग एक दिवस चावीवाले काका आले. किल्ल्या बनवून देण्याचं त्यांचं छोटंसं दुकान होतं. बोलताना त्यांचा शब्द अडकायचा, डोळे मिटायचे, हनुवटी थरथरायची. त्यांची मुलगी सोबत आली होती. तिनेच डिझायनरला सांगितलं, “गिऱ्हाइकं यांचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत. म्हणून बाबांनी पाटीच लावलीय, ‘चावी उद्या मिळेल’. कुणी आलं की पाटीकडे बोट दाखवतात. आई होती तोवर फोन ती घ्यायची. आता वाजून वाजून बंद होतो.”

मग ती बाबांना म्हणाली, “इथे कुणी माणूस नाही. बिनधास्त बोला.” आणि बाहेर जाऊन बसली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. “म-मला स-सकाळी...” पुढचा शब्द काही केल्या फुटेना. मी गप्प. भिंतीपलीकडे ताईही गप्प. शेवटी तो सुटला. “गो-गोळीची आठवण कर.”

“करते. किती वाजता?” ताईने विचारलं.

काका चकितच झाले. मग काय, पाऊस पडेल का, गंजलेलं कुलूप कशाने उघडतं, काहीबाही विचारत सुटले. दर वेळी ते अडखळले आणि दर वेळी ताई थांबली. जाताना त्यांनी मला थोपटलं. डोळ्यांत पाणी होतं. “हा प-पहिलाच. माझं बोलणं मधे तो-तोडत नाही.”

खरं सांगायला डिझायनरने तोंड उघडलं आणि मिटलं.

“सांगितलंस ना त्यांना?” ताईने नंतर विचारलं.

“अगं, किती खूश होते! कशाला विरस करायचा? पुढच्या वेळी सांगू.”

पुढची वेळ आलीच नाही. मीटिंगमध्ये मात्र त्याने छातीठोकपणे सांगितलं की अडखळत बोलणाऱ्यांनाही आपलं यंत्र सहज जमतं. ताई थांबत होती, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. तिलाही ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. कुणी बोलत असलं की आपण थांबतोच, त्यात काय सांगायचं? त्यामुळे खऱ्या यंत्राला थांबायला कुणी शिकवलंच नाही.

ते यंत्र बाजारात आलं, दिसायला हुबेहूब माझ्यासारखं. काही महिन्यांनी काका आणि त्यांची मुलगी ते पिशवीत घालून परत आले.

मुलगी तणतणत होती. “बाबांनी तोंड उघडलं की हे म्हणतं, माफ करा, समजलं नाही. इथून गेल्यावर फोन घ्यायला लागले होते हो! पाटीसुद्धा काढून ठेवली होती. आता परत लावलीय.”

“त्या-त्याला नको बोलू,” काका म्हणाले. “माझंच बो-बोलणं बिघडलंय. ते-तेव्हा बरं बोलायचो मी.”

मी शेजारच्या फळीवर होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निदान माझा दिवा तरी बंद होता.

डिझायनर मान वर करेना. तेवढ्यात ताई आत आली. “काका, तुमचं बोलणं मुळीच बिघडलेलं नाही.”

काकांनी झटकन वळून पाहिलं. आवाज ओळखीचा होता. ताईने मला उचललं, मागचं झाकण काढलं आणि आतला स्पंज दाखवला. “हा रिकामा आहे. तेव्हा पलीकडे मी होते.”

काकांनी तो स्पंज बोटाने दाबून पाहिला. “म-म्हणजे तु-तुम्ही मला...”

“फसवलं. हो ना?” डिझायनर घाईघाईने म्हणाला. “खरंच माफ करा, काका.”

काकांनी यंत्र टेबलावर ठेवलं आणि मुलीचा हात धरून निघून गेले.

आता मी कंपनीच्या दारातल्या काचेच्या कपाटात असतो. खाली झगझगीत पाटी आहे, ‘ऐकायला शिकलेलं आमचं पहिलं यंत्र’. पाहुणे माझ्यासोबत फोटो काढतात. तोंड लपवावं म्हटलं तर चारी बाजूंनी काच.

परवा कपाटाची किल्ली हरवली, म्हणून चावीवाले काका आले. कुलूप पाहून ते म्हणाले, “चा-चावी...”

“उद्या मिळेल ना?” स्वागताला बसलेली मुलगी म्हणाली.

“थां-थांबा,” काका म्हणाले. “मला बो-बोलू द्या. चावी आ-आत्ताच करून देतो. आणि दु-दुकानावरची पाटी मी काढलीय.”

ती ओशाळली आणि थांबली. ताई तिथेच उभी होती. काका तिच्याकडे वळले.

“ते-तेव्हाचं माझं वाक्य राहिलं होतं. तु-तुम्ही मला ऐ... ऐकलंत. एवढंच म्हणत होतो.”

दोघं माझ्या दोन बाजूंना उभी होती आणि मधे मी, खाली ती पाटी घेऊन.

काकांनी चावी बनवली. कपाट आता उघडतं. काकांची पाटी उतरली. कुणीतरी आता माझीही उतरवा.