लॅमिनेशन केलेला पास

मित्रांनो, माझ्याकडे नीट बघा आणि मी कोण ते ओळखून दाखवा. हाताच्या पंजाएवढा, कडक, चकचकीत, चारी कडा सीलबंद आणि आत नुसता काळाकुट्ट. नाही ना ओळखता आलं? अहो, यंत्राला ओळखता आलं नाही, तिथे तुमचं काय! मी किकवीच्या पुढे हायवेला लागून जे पाण्याचं मोठं पार्क झालंय, तिथला पास आहे. तीन माणसांना एक दिवस आत सोडायचं, एवढंच माझं काम होतं. मी एकालाही आत सोडलं नाही.

माझा जन्म सव्वीस जानेवारीला सकाळी, पार्कच्या तिकीट खिडकीत झाला. छोट्या यंत्रातून मी सर्रकन बाहेर आलो आणि कोणीतरी मला टर्रकन फाडून घेतलं. झालं बारसं! माझ्या अंगावर शाईचा एक थेंब नव्हता. आमच्या जातीच्या कागदाला शाई लागतच नाही. यंत्र आम्हाला चटके देतं आणि जिथे चटका बसतो तिथे काळं अक्षर उमटतं. माझ्या पाठीवर मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं की याला ऊन आणि आच लागू देऊ नये. ते वाचायला भिंग लागलं असतं.

माझ्या शेजारी त्याच दिवशी जन्मलेले प्लॅस्टिकचे पास पडले होते. गुळगुळीत, रंगीत, प्रत्येकावर मालकाचा फोटो, गळ्यात घालायला दोरी. त्यांचा तोरा काय सांगू! आम्ही भिजत नाही, आम्ही चुरगळत नाही, आम्ही वर्षभर चालतो, असं त्यांच्या अंगावरच लिहिलेलं. ते गेले हॉटेलवाल्यांकडे आणि पुढाऱ्यांकडे. आम्ही कागदाचे, एका दिवसाचे, खिशात कोंबायला सोपे आणि केरात टाकायला त्याहून सोपे. मला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं. एक दिवस तर एक दिवस, पण त्या दिवशी पोरांच्या किंकाळ्या ऐकायला मिळतील, पाण्यात लगदा होऊन मरू, असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं.

मी आलो इरफानच्या वाट्याला. इरफान भोरचा वेल्डर. त्या पार्कात फायबरचा एक किल्ला बांधलाय. एका अंगाला वेल्ह्याचे खरेखुरे गड उभे असताना माणसं खोट्या किल्ल्यावरून घसरायला तिकीट काढतात, त्याला आपण काय करणार! तर त्या किल्ल्यावर चढायचा लोखंडी जिना इरफानने केला. दिवाळीनंतर शेवटचे टप्पे जोडताना वरून एक लोखंडी अँगल सटकला आणि त्याच्या उजव्या हाताचा अंगठा गेला. वेल्डरचा उजवा अंगठा. म्हणजे काय गेलं ते तुम्हीच समजा.

त्याच सव्वीस जानेवारीला, उद्घाटनाला पार्कच्या मॅनेजरने, स्वरूपसाहेबांनी, त्याला स्टेजवर बोलावलं. "इरफानभाई आपल्या कुटुंबातलेच आहेत," असं माईकवर सांगितलं आणि मला पुढे केलं. इरफान डावा हात पुढे करत होता. फोटोवाला म्हणाला, "उजव्या हातात धरा, पट्टी दिसू द्या." त्याने उजव्या हातात धरलं आणि मी खाली पडलो. लोक हसले. स्वरूपसाहेबही हसले. दुसऱ्यांदा फोटो काढला तेव्हा साहेबांनी मला त्याच्या पट्टीत खोचून ठेवलं. तो फोटो आजही तिकीट खिडकीशेजारी काच लावून टांगलेला आहे.

घरी आल्यावर इरफान बायकोला म्हणाला, "मासूमा, ह्यो पास न्हाई, ह्यो माझा अंगठा हाय. नीट ठेव."

हे त्याच्या मुलीने, अरिबाने ऐकलं. अकरा वर्षांची पोर. तिने ते मनात पक्कं धरलं. मुलांसमोर काय बोलावं याचा माणसं कधी विचार करतात का? नाव नको.

त्या दिवशीच मला घेऊन गेले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मला शोकेसमध्ये ठेवलं. कपबशांच्या पुढे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. आधी म्हणाले, हाताची पट्टी सुटू दे. मग रोजे आले. मग ईद झाली, मग अरिबाची परीक्षा आली, मग मासूमाच्या माहेरचं लग्न निघालं. दर वेळी कोणीतरी म्हणायचं, "घाई कशाला? एकतीस मेपर्यंत हाय की." अरिबा मात्र शाळेत सगळ्यांना सांगून बसली होती की तो जिना माझ्या अब्बांनी बांधलाय आणि मी त्याच्यावरून चढणार आहे. वर्गातल्या पोरी तिला रोज विचारायच्या, "गेलीस का गं किल्ल्यावर?" आणि तिने नाही म्हटलं की एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. एकीने तर तोंडावर सांगितलं, "थापाडी हाय ही. हिच्या बापाला कोण आत घेतंय!" पोरी काही कमी दुष्ट नसतात, मित्रांनो. तुम्हीही नसता.

दुपारचं ऊन रोज खिडकीतून शोकेसवर यायचं. मे महिन्यात एक दिवस मासूमाने मला उचललं आणि घाबरून म्हणाली, "अहो, ह्याची अक्षरं फिक्की व्हायला लागली की!"

इरफानने मला डोळ्यांजवळ धरलं. खरंच, माझा नंबर पुसट झाला होता. पण तो घाबरला नाही. त्याच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं, लॅमिनेशन. मागे एकदा गळक्या पत्र्याखाली त्याचं रेशनकार्ड भिजलं होतं आणि नवीन मिळवायला त्याला तहसील कचेरीत आठ महिने हेलपाटे घालावे लागले होते. तेव्हापासून घरात आलेला प्रत्येक कागद लगोलग लॅमिनेशनला जायचा. आधार कार्ड, अरिबाच्या गुणपत्रिका, मासूमाचं शिवणक्लासचं सर्टिफिकेट. एकदा त्याने लाईटबिलसुद्धा लॅमिनेशन करून आणलं होतं आणि बिल भरायच्या खिडकीतल्या माणसाला त्यावर शिक्का उमटवता येईना.

"अरिबा," तो म्हणाला, "सोमनाथच्या दुकानात जा आनि ह्याचं जाड लॅमिनेशन करून आन. लई जपून ने."

सोमनाथचं झेरॉक्सचं दुकान एसटी स्टँडजवळ. दाखल्यांची गर्दी, घामाचा वास, तीन यंत्रं एकदम चालू. अरिबाने मला दोन्ही हातांनी पुढे केलं. सोमनाथने तिच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे तर नाहीच. प्लॅस्टिकच्या पाकिटात मला सरकवलं आणि तापलेल्या रुळांत ढकललं.

मित्रांनो, जन्मताना मला जरुरीपुरते चटके बसले होते. आता सगळ्या अंगाला एकदम चटका बसला. माझा नंबर, तारीख, तीन माणसांचा आकडा, यंत्राने वाचायच्या उभ्या रेघा, सगळं त्या काळोखात बुडालं. पलीकडून बाहेर आलो तो असा, तुम्हाला दिसतोय तसा.

अरिबाचं तोंड एवढंसं झालं. सोमनाथने मला उलटसुलट केलं आणि फिसकन हसला. "आगं, ह्यो मशीनचा कागद व्हय! आधी बोलायचं न्हाई का? आता घरी ने आनि फ्रेम करून लाव." रांगेतली माणसं हसली. ज्याला दुसऱ्याच्या पोराचं तोंड असं पडलेलं बघूनही हसू येतं, त्याचं काय करावं? मी काळा झालो होतो, तरी मला लाज वाटली.

तिने घरी काही सांगितलं नाही. कसं सांगणार? बापाचा अंगठा एकदा लोखंडाने नेला होता, आणि दुसऱ्यांदा आपण घालवला, असं तिच्या डोक्यात बसलं होतं. तिने मला तपकिरी कागदात गुंडाळलं. "झालं का गं?" बापाने विचारलं. "व्हय अब्बा." "दाखव की." "धूळ बसंल. त्याच दिवशी काढू." तो खूश झाला. पोरगी आपल्यासारखीच जपणारी निघाली म्हणाला.

रोज ती मला गुपचूप उन्हात धरून बघायची. बापाच्या हाताचा एक्स-रे काढला होता, तोही असाच काळा होता आणि डॉक्टरांना त्यात हाडन्‌हाड दिसलं होतं. आपल्याला दिसत नसलं तरी पार्कच्या यंत्राला आतलं दिसत असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. पंधरा दिवस ती पोर त्या एका समजुतीवर जगली. मला तोंड असतं तर मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, की बाई, आत काही उरलेलं नाही. सांग बापाला, खा दोन शिव्या आणि मोकळी हो.

एकतीस मे, रविवार. शेवटचा दिवस. मासूमाने डबा केला, इरफानने इस्त्रीचा शर्ट घातला. भोरहून एसटीने कापूरहोळ, तिथून टेम्पोने पार्क. टेम्पोत इरफान म्हणाला, "आन पास हिकडं." अरिबा म्हणाली, "मी धरते अब्बा. तुमच्या हातातनं पडंल." त्याने पुढे केलेला हात मागे घेतला. पोरीने दुसऱ्या कारणासाठी म्हटलं होतं, पण घाव बसायचा तिथे बसलाच.

फाटकावर वैष्णवी नावाची बाई पास तपासत होती. अरिबाने कागद सोडला आणि मला दिलं. वैष्णवीने यंत्र धरलं. एकदा, दोनदा, उलटं करून तिसऱ्यांदा. यंत्र मुकं. इरफानने वाकून बघितलं आणि त्याला मी दिसलो.

त्याने मला बोटाने घासून बघितलं. मग वैष्णवीला म्हणाला, "म्याडम, लॅमिनेशनमधे काळा पडलाय बगा. पन पास खराय. साहेबांना बोलवा, त्यांनीच दिलाय."

स्वरूपसाहेब आले. इरफानकडे पहिल्यांदाच बघत असल्यासारखं बघितलं. "हा काय पास आहे? काळा कागद तर कोणीही आणेल."

"साहेब, म्या इरफान. जिना म्या केलाय. त्यो फोटो बगा की."

साहेबांनी फोटोकडे बघितलं. "फोटोत पास दिसतोय. नंबर दिसतोय का?"

वैष्णवी हळूच म्हणाली, "सर, आपण ओळखतो ना यांना."

"ओळखीवर आत सोडायला हे घर आहे का?"

तेवढ्यात हायवेवरचा एक हॉटेलवाला चार पोरं घेऊन आला. खिसे चाचपले आणि म्हणाला, "अरेच्चा, पास घरीच राहिला." तोच तो, वर्षभर टिकणारा प्लॅस्टिकचा! साहेब स्वतः पुढे झाले, साखळी काढली. "असू द्या हो. नाव आहे आपल्याकडे." आणि ते पाचही जण आत गेले. इतके दिवस मला वाटत होतं की प्लॅस्टिक टिकतं आणि कागद टिकत नाही. मूर्ख होतो मी. टिकतो तो माणूस, ज्याचं नाव साहेबाला आठवतं.

इरफानने उजवा हात पुढे केला, चार बोटांचा. "साहेब, पास ऱ्हाऊ द्या. ह्यो हात बगा. ह्यो तर खराय ना? पोरीला तेवडं जिन्यावर चढू द्या. आमी दोगं भायेर थांबतो."

साहेब रांगेकडे बघून हसले. "हाताला बारकोड नसतो, भाऊ." रांग हसली. "बाजूला व्हा, लोक खोळंबलेत."

तिघं बाजूला झाले. आतून पोरांच्या किंकाळ्या येत होत्या, ज्या ऐकायला मी जन्मलो होतो. मासूमा डब्याची पिशवी छातीशी धरून उभी होती. इरफानने अरिबाला विचारलं, "तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"कवापास्नं?"

"दुकानातनं आनला तवापास्नं."

"मग बोलली का न्हाईस?"

अरिबा रडत रडत म्हणाली, "तुमीच म्हनला हुता, ह्यो माझा अंगठा हाय. मला वाटलं, तुमी म्हनशीला, माझा अंगठा तू जाळलास."

इथे बापाने पोरीला जवळ घ्यायचं असतं. तुम्हाला तेच ऐकायचंय, मला माहीत आहे. पण इरफानचं सगळ्यांसमोर हसं झालं होतं, आणि समोर साहेब नव्हता, पोरगी होती. त्याने मला हिसकावून घेतलं आणि फाडायला लागला. डाव्या हातात धरून उजव्याने ओढायला गेला, उजव्यातून मी निसटलो. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलो. मग दातात धरून ओढलं. हा कोपरा बघा, दातांच्या खुणा आहेत. पण मी फाटलो नाही. जाड लॅमिनेशन होतं ना! त्यानेच सांगितलेलं.

शेवटी धापा टाकत त्याने मला अरिबाच्या हातात कोंबलं. "घे," तो म्हणाला. "तूच केलाय न्हवं? मग जप आता जलमभर."

आणि ती जपते आहे, मित्रांनो. बापाने रागात म्हटलं, तो तासाभराने विसरलाही असेल. आता तो कधी कधी तिला शाळेत सोडायलासुद्धा जातो. पण तिने ते हुकूम म्हणून घेतलंय. नव्या वर्गात गेली, नवं दप्तर आलं, तरी आतल्या कप्प्यात मीच. रोज दप्तर भरताना ती आधी मला चाचपते. मी असतोच, कुठे जाणार? नुसता कागद असतो तर एव्हाना माझा भुगा झाला असता आणि तिची सुटका झाली असती. आता मी तिच्या शाळेला पुरेन, लग्नाला पुरेन, तिच्या पोरांना पुरेन.

तुमचे गुरुजी सांगत असतील, वस्तू जपा. जपा बापडे. पण माझी तुम्हाला एकच विनवणी आहे. तुमच्यापैकी कोणी भोरच्या शाळेत असेल आणि सहावीत अरिबा नावाची मुलगी दप्तर चाचपताना दिसली, तर तिच्याशी भांडा, तिला फसवा, वाटल्यास चोरी करा. पण मला तिच्याकडून काढून घ्या आणि फेकून द्या.